लसणाच्या बियाकडं कोण बघणार?

मा. संपादक साहेब,

लसणाचा दर चढला की तुमच्याकडं लगेच मोठी बातमी येते, २०२४ ला किरकोळीत किलोला ४०० च्या वर गेला तेव्हा तर घराघरात चटणीचा हिशोब सुरू झाला होता, पण लसणाच्या जातीवर कधी चार ओळी वाचल्याचं आठवत नाही.

आपण लसूण कुडीनं लावतो, म्हणजे तेच झाड परत परत, आणि त्यातले व्हायरसपण वर्षानुवर्षं सोबत. नवीन जाती बहुतेक आहे त्यातनं बरं दिसलं ते निवडूनच आल्यात. आता ऊसपण आपण कांडीनंच लावतो की, पण ८६०३२ ही उसाची जात काय कांडीतनं जन्माला आलेली नाही, कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेनं ६२१९८ आणि ६७१ या दोन जातींचा संकर केला, बियाची रोपं वाढवली आणि त्यातनं ती निवडली. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला यापेक्षा जास्त काय सांगायचं.

लसणाला बी धरतच नाही असं लई वर्षं मानायचे. मग मध्य आशियात, तिएन शान डोंगराच्या बाजूला फुलं भरणारा लसूण मिळाला, १९८० च्या दशकात जपानचे शास्त्रज्ञ एटोह यांनी त्यातनं बी काढलं, पुढं अमेरिका आणि इस्रायलमध्येपण काम झालं. काम मात्र कटकटीचं, लसणाच्या फुलदांड्याच्या बोंडात फुलांच्या मधी बारक्या कुड्या दाटीनं असतात, त्या फुलांचं खाणं ओढतात आणि फुलं वाळतात, म्हणून चिमट्यानं एकेक कुडी काढायची, फुलाला धक्का न लावता, तेव्हा कुठं कांद्यासारखं पण त्याहून बारीक काळं बी मिळतं. पहिल्या पिढीत उगवण रडतखडत आणि पहिल्या वर्षी बहुधा एकाच कुडीची बारकी गोल गड्डी, पण निवड करत गेलं की पुढच्या पिढ्या सुधारतात.

खरी मजा पुढं आहे. एकाच झाडाच्या बियातनं रंग, कुड्यांची संख्या, उंची, तयार व्हायचा काळ सगळं वेगवेगळं निघतं, आणि व्हायरस बियातनं सहसा पुढं जात नाहीत. एखादं रोप आवडलं की मग कुडीनं पाहिजे तेवढं वाढवा, ते बदलत नाही.

आपल्या मैदानी लसणाला फुलाचा दांडा येत नाही हे खरं, त्याला थंडी आणि मोठा दिवस लागतो. पण मग संकर हिमाचल-काश्मीरकडं करा आणि रोपांची निवड इकडं करा, उसाचा संकर तरी आपण कुठं कोल्हापुरात करतो? राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना गाठून यावर काय चाललंय ते तुमच्या शेतीच्या पानावर सविस्तर छापा एवढीच विनंती. आणि तोवर ऑनलाइन स्वस्तात ‘लसणाचं बी’ म्हणून पाकिटं मिळतात ती कुणी घेऊ नका राव, त्यात लसूण सोडून काहीपण असू शकतं.

– एक शेतकरी वाचक, ता. कागल, जि. कोल्हापूर