‘सिसअ‍ॅडमिन होऊन व्हाउचर कोण टाकणारे?’

प्रिय सुध्या,

फोनवर तू अर्ध्यातच ‘कळलं रे, पुढे बोल’ म्हणतोस, म्हणून लिहूनच पाठवतोय. घरी सांगावं तर ‘सर्व्हर चालू झाला ना?’ एवढाच प्रश्न. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बरी आहे. माझी पाठ तशीच.

पतसंस्थेचा आपला म्हातारा सर्व्हर अखेर गेला. डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप चांगला होता, नव्या मशीनवर रिस्टोअरही सुरळीत झाला. पण सर्व्हरची सगळी लॉगिन ज्यात असतात त्या ‘मास्टर’ डेटाबेसचा बॅकअप तिथे कुणी कधी घेतलेलाच नाही. पुढचं तुला सांगायला नको. सकाळी काउंटरवर एकालाही लॉगिन होईना, जो तो ‘लॉगिन फसलं’ या १८४५६ एररचा फोटो काढून मला पाठवतोय आणि मी कोकणात चुलतबहिणीच्या लग्नात, रेंजबाहेर. मग सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा आला.

पोरगा कष्टाळू आहे. त्याने जुन्याच नावांनी लॉगिन नव्याने तयार केली. सर्व्हरपर्यंत पोचले, डेटाबेस उघडेना: एरर ९१६. लॉगिनसाठी डेटाबेसात यूझर करायला गेला तर १५०२३, तो आधीच आहे. काढायला गेला तर १५१३८, त्याच्या नावावर स्कीमा (टेबलांचा गट) आहे. तोवर बाहेर पेन्शनरांची रांग आणि त्यांचे चढलेले आवाज. साहेब म्हणाले, ‘काहीही करा.’ त्याने काहीही केलं. सगळ्यांना सिसअ‍ॅडमिन! म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार, पिग्मीच्या एजंटांसकट.

सगळे आत. पोराला चहा, वर भजी.

परत आल्यावर साहेबांना समजावलं, की सोसायटीचा वॉचमन बदललाय, त्याच्या वहीत तुमचं नाव आहे पण नंबर दुसऱ्याच कुणाचा, म्हणून तो दार उघडत नाही. नाव सारखं असून भागत नाही, एसआयडी, म्हणजे लॉगिनचा आतला ओळख क्रमांक, जुळावा लागतो. साहेब म्हणाले, ‘मग आता उघडतोय की!’ उघडणारच. सगळ्यांच्या हातात चेअरमनची किल्ली दिल्यावर वॉचमन वही बघतोय कशाला?

दुरुस्ती तशी सोपी निघाली. अनाथ, म्हणजे लॉगिनशी दुवा तुटलेल्या, यूझरांची यादी काढली, एकेकाला ‘ऑल्टर यूझर, विथ लॉगिन’ करून जोडलं, सिसअ‍ॅडमिन काढून घेतलं. परवानग्या डेटाबेसातच होत्या, जशाच्या तशा परत मिळाल्या. तू असतास तर नावावरून आपोआप जोडणारं ऑटो_फिक्स मारून मोकळा झाला असतास, माहितीये. पण त्या मशीनवर पगाराचा डेटाबेस आधीपासून आहे, त्यासाठी हेड ऑफिसच्या पाटील_एस बाईंचं लॉगिन. आणि कर्ज खात्यात आपला पाटील_एस! सांगली जिल्ह्यात नावावरून जोड्या लावायच्या म्हणजे तुझी हिंमत. पगारवाल्या बाईंना कर्ज मंजुरीचे अधिकार मिळाले असते. आपल्या पाटलाला वेगळ्या नावाचं लॉगिन देऊन त्याला जोडलं.

आता खरी गोष्ट. व्हाउचरचा ‘नोंद केली’ हा रकाना आठवतो? मी सूझर_एसनेम (लॉगिनचं नाव) ठेवूया म्हणत होतो, तू यूझर_नेम (डेटाबेसातल्या यूझरचं नाव) वर अडून बसलास. त्यावरून आपण टपरीवर भांडलो आणि पम्याने दोघांचे चहाचे पैसे दिले, जे त्याने आयुष्यात पुन्हा कधी केलं नाही. तुझं वाक्य मला तोंडपाठ आहे: ‘सिसअ‍ॅडमिन होऊन व्हाउचर कोण टाकणारे?’

सगळ्यांनी टाकली, सुध्या. त्या काळातल्या प्रत्येक व्हाउचरवर ‘डीबीओ’, कारण सिसअ‍ॅडमिन कुणीही असो, यूझर_नेम त्याला डेटाबेसचा मालक, ‘डीबीओ’ म्हणूनच ओळखतं. नोंद करणारा डीबीओ, पास करणारा डीबीओ. दोघं एकच म्हणून आपली अट व्हाउचर अडवायला लागली (अट चोख होती, ती माझी), तर पोराने अटच बंद केली. ती मी परत चालू केली, पण मागच्या नोंदींचं काय? यशस्वी लॉगिन सर्व्हर आपणहून लिहून ठेवत नाही, फक्त फसलेली ठेवतो. कॅश स्क्रोलवर सह्या आहेत, त्यामुळे रोखीचं जुळेल. ट्रान्सफर व्हाउचरवर काहींना सह्याच नाहीत.

साहेबांचं म्हणणं, ‘ड्यूटीचा तक्ता बघून नावं भरून टाका, एक अपडेट तर मारायचाय.’ एकच अपडेट, खरंय. पण उद्या त्यातलं एखादं व्हाउचर खोटं निघालं तर मी अंदाजाने भरलेलं नाव त्या माणसाच्या गळ्यात. काउंटर तीनवर कोण बसते तुला माहितीये. तिने जयसिंगपूरच्या प्रकरणात काय भोगलं तेही.

माझ्या मनात आहे ते असं: ‘डीबीओ’ला हात लावायचा नाही. शेजारी वेगळं टेबल, त्यात व्हाउचर नंबर, कागदावरून मिळालेलं नाव, कुठल्या कागदावरून, कुणी तपासलं. नाही सापडलं तिथे कोरं. वर एक टिपण, लेखापरीक्षकांच्या हातात. साहेबांना टिपण नको आहे. म्हणतात, चालतंय त्याची चौकशी कशाला ओढवून घ्यायची. रात्री झोपताना मलाही तसंच वाटतं, सकाळी वाटत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची शाळा तिकडे मिळाली का? चिन्मयला दहावीच्या शुभेच्छा, पेढे मी आणीन.

रकाना तुझा आहे, तेव्हा टिपणाचा मसुदा वाचायचं काम तुझंच. सोबत जोडलाय. लेखापरीक्षक सोमवारी येतायत, त्याआधी लाल पेन चालव. आणि लॉगिन एसआयडीसकट काढून ठेवणारं हेल्प_रेव्हलॉगिन तुझ्याकडे असेल तर पाठव, ते आता दर आठवड्याच्या बॅकअपला जोडतोय.

तुझा,
दिल्या