खांदा अडकला तर रेफर करता येत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

बाळंतपणातल्या बहुतेक अडचणींवर आपल्या व्यवस्थेत एक उत्तर ठरलेलं आहे: वेळेत रेफर करा. रक्तदाब वाढला, कळा मंदावल्या, १०८ बोलवा. पण डोकं बाहेर आलं आणि बाळाचा पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे, अडकला, तर गाडी दारात उभी असूनही उपयोग नाही. छाती आत आवळलेली, नाळ दबलेली. साधारण पाच मिनिटांत बाळ सुटलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका कमी असतो, पुढे तो झपाट्याने वाढतो. जे करायचं ते त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या सिस्टरनेच करायचं असतं.

बाळ मोठं असेल तरच हे होतं, असं अजूनही मानलं जातं. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या वेळा बाळ चार किलोच्या आतलं असतं. त्यामुळे बाळ मोठं होण्याच्या भीतीने मधुमेह असलेल्या मातांना आधीच पुढे पाठवलं, एवढ्याने भागत नाही.

डोकं बाहेर येऊन पुन्हा मागे ओढलं गेलं, गाल योनिमुखाशी घट्ट बसले, की खांदा अडकला हे ओळखावं. मदतीला हाक मारायची, वेळ मोठ्याने सांगायची, आईला जोर लावणं थांबवायला सांगायचं. तिचे पाय स्टिरपमधून (टेबलाच्या पाय-आधारातून) काढून, उशी काढून तिला सपाट झोपवायचं आणि दोघींनी दोन बाजूंनी मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडायच्या. ही मॅकरॉबर्ट्स पद्धत. कमरेचा बाक सरळ होतो, जघनास्थी वर सरकते आणि पुष्कळदा एवढ्यावरच खांदा सुटतो. नाहीच सुटला तर मांड्या तशाच धरून जघनास्थीच्या लगेच वर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाब द्यायचा: बाळाची पाठ ज्या बाजूला आहे त्या बाजूने, खाली आणि बाळाच्या चेहऱ्याच्या दिशेने, अर्धा मिनिट. टेबल उंच असतं. पायरीचं स्टूल नसेल तर सिस्टरचा हात पोहोचतो, पण अंगाचं वजन त्यावर पडत नाही.

प्रत्यक्षात होतं काय, तर घाबरून कोणीतरी वरून पोट दाबतं. गर्भाशयाच्या माथ्यावरच्या दाबाने खांदा हाडावर आणखी घट्ट बसतो, गर्भाशय फाटूही शकतं. एरवीसुद्धा प्रसूती लवकर व्हावी म्हणून पोट दाबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे; आपल्याकडे ही सवय सुटलेली नाही. दुसरी चूक डोकं खाली वाकवून ओढण्याची. त्याने मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या किंवा तुटल्या जातात आणि बाळाचा हात लुळा पडतो. तिसरी, मानेभोवतीची नाळ घाईने कापण्याची: खांदा अजून आत असताना उरलासुरला रक्तपुरवठाही त्याने बंद होतो. योनिमुखाशी छेद घेतल्याने हाडाची अडचण दूर होत नाही, फक्त आपल्या हाताला जागा मिळते.

ही जागा लागते पुढच्या पायरीला. कासार बांगड्या भरताना हात जसा चिंचोळा करायला लावतो, तसा अंगठा तळव्यात दुमडून पूर्ण हात माकडहाडाच्या बाजूने आत घालायचा. बाळाच्या मागच्या हाताचं कोपर शोधून ते दुमडायचं, मनगट धरून हात बाळाच्या छातीवरून बाहेर काढायचा. दंडाला धरून सरळ ओढलं तर हाड मोडतं. आईला वळणं शक्य असेल तर तिला हातगुडघ्यांवर घेऊनही खांदा सुटतो.

हे वाचून येत नाही, हाताला सवय लागते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलने सगळ्या प्रसूती कर्मचाऱ्यांना बाहुलीवर एकत्र सराव दिला. खांदा अडकलेल्या प्रसूतींत बाळाला जन्मतः इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं, हे २००८ साली प्रसिद्ध झालं. तिथला सराव त्यांच्याच प्रसूतिकक्षात, डॉक्टर आणि परिचारिका मिळून होतो. आपल्याकडे सिस्टर जिल्ह्याला एकदा प्रशिक्षणाला जाते, आणि रात्री तिच्यासोबत असणारी मदतनीस कधीच जात नाही. मांड्या दुमडायला मात्र तीच असते.

म्हणून मागणी अशी. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्र सरकारने २०१७पासून चालवलेल्या लक्ष्य कार्यक्रमाच्या तपासणीत राज्याने स्वतःची भर घालावी: प्रसूती होणाऱ्या प्रत्येक केंद्रात महिन्याला वीस मिनिटांचा सराव, रात्रपाळी आणि मदतनीस धरून. प्रत्येक केंद्राला बाहुली व ओटीपोटाचा सांगाडा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पायरीचं स्टूल. पोट दाबण्यावर बंदीचा लेखी आदेश, खासगी प्रसूतिगृहांनाही लागू. आणि केसपेपरवर चार रकाने: डोकं कधी आलं, धड कधी आलं, पुढे कोणता खांदा होता, कोणत्या क्रमाने काय केलं. हे रकाने शिक्षेसाठी वापरले गेले तर कोणी खरं लिहिणार नाही, एवढं आदेशातच स्पष्ट असावं.

आपले,
प्रसूतिकक्षात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका