छायाचित्रातील हातमोजे

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती कार्यशाळेवर आलेला लेख आवडीने वाचला. टेबलावर बसवायच्या छोट्या बेल्ट सँडरची, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्याने लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राची, त्यात दिलेली ओळख नेमकी आहे. मात्र सोबतच्या छायाचित्रातील गृहस्थांनी सुती हातमोजे घातलेले आहेत, तोंडावर मास्क नाही आणि यंत्राच्या भुसा टाकणाऱ्या तोंडाला नळीही जोडलेली दिसत नाही. लेख विसरला जातो आणि चित्र डोळ्यांसमोर राहते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

करवतीचे दात दिसतात, त्यामुळे तिला सगळेच बिचकून असतात. सँडरचा पट्टा मात्र आपल्या नेहमीच्या पॉलिश पेपरसारखा दिसतो आणि तो कागद हाताने घासण्याची सवय असल्यामुळे यंत्राचा धाक वाटत नाही. प्रत्यक्षात ३६ इंच परिघाचा पट्टा सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने धावत असेल, तर तो एका सेकंदात दहा-अकरा फेऱ्या पूर्ण करतो. उघड्या बोटाला तो लागला तर कातडी सोलून निघते, पण हात झटकन मागे घेता येतो. मोज्याचा सुटा धागा पट्ट्यात किंवा रुळात अडकला तर मोज्याबरोबर हातही आत ओढला जाण्याचा धोका असतो. लांब बाह्या, गळ्यातली साखळी आणि मोकळे केस यांनाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट यंत्राचे टेबल, म्हणजे लाकडाचा तुकडा टेकवायची त्याची छोटी फळी, आणि पट्टा यांच्यामधल्या फटीची. उभा पट्टा खाली, टेबलाच्या दिशेने धावतो, हे सोयीचेच आहे, कारण त्यामुळे तुकडा टेबलावर दाबला जातो. परंतु फट मोठी राहिली की लाकडाची पातळ पट्टी त्याच ओढीने खाली खेचली जाते. माझ्या डाव्या तर्जनीचे अर्धे नख अशाच एका पट्टीमागोमाग गेले, आणि दोष यंत्राचा नव्हता, आदल्या दिवशी टेबल तिरके करून ते पुन्हा जागेवर न सरकवणाऱ्या माझा होता. ही फट दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि ती जुळवताना प्लग काढलेला असावा. शेजारी घासण्याची गोल चकती असेल, तर तिच्या खाली जाणाऱ्या अर्ध्या बाजूवरच काम करावे. दुसरी बाजू तुकडा वर उडवते.

या जखमा निदान दिसतात तरी. भुशाचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केली. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यामागचा मुख्य पुरावा होता. तो पुरावा वर्षानुवर्षे लाकूडकाम करणाऱ्या कामगारांचा आहे, सुट्टीच्या दिवशी तासभर काम करणाऱ्या हौशी माणसाने घाबरून यंत्र विकावे असे मला सुचवायचे नाही. तथापि रंध्याने निघणाऱ्या सालपटांत आणि सँडरच्या पिठासारख्या भुशात फार फरक आहे. जमिनीवर पडलेला भुसा आपण झाडून टाकतो. त्याहून बारीक कण यंत्र बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि आपण नेमका तेव्हाच मास्क काढून केलेले काम न्याहाळत बसतो. यंत्राला जोडलेला व्हॅक्यूम, उघडी खिडकी, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि झाडूऐवजी ओले फडके, एवढ्याने बराच फरक पडतो. साध्या कापडी रुमालाने तो पडत नाही.

लेखात ‘याच यंत्रावर पटाशीलाही धार लावता येते’ असे एक वाक्य ओझरते आले आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पोलाद घासताना ठिणग्या उडतात, आणि पिशवीत किंवा पट्ट्याच्या आवरणात लाकडाचा भुसा साठलेला असेल तर एखादी ठिणगी त्यात तासन्‌तास धुमसत राहू शकते, म्हणजे आग लागते ती आपण कार्यशाळा बंद करून जेवायला गेल्यानंतर. लोखंडाकडे वळण्यापूर्वी व्हॅक्यूमची नळी काढावी, आतला भुसा पूर्ण साफ करावा आणि धातूसाठी पट्टा वेगळा ठेवावा.

पट्टा बोथट झाला की माणूस नकळत तुकडा जोरात दाबू लागतो, लाकडावर काळे डाग पडतात, आणि दाबलेला हात निसटला तर तो सरळ पट्ट्यावर जातो. पट्ट्याच्या खरखरीत दाण्यांत भुसा आणि राळ नुसतीच अडकली असेल तर पट्टे साफ करण्याची रबराची वडी चालत्या पट्ट्यावर धरली की तो पुन्हा कापू लागतो. दाणेच झिजले असतील तर मात्र पट्टा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नवा पट्टा चढवताना आतल्या बाजूचा बाण यंत्राच्या फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे पाहावे, कारण उलटा चढवलेला पट्टा सांध्यावर उकलू शकतो.

पुरवणीच्या पुढील अंकात याच यंत्राचे दुसरे छायाचित्र छापावे, अशी विनंती आहे. त्यात हात उघडे असावेत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि तोंडावर मास्क असावा, आणि भुशाची नळी वाचकाला स्पष्ट दिसेल अशी जोडलेली असावी.

आपला नम्र,
एक हौशी लाकूडकाम करणारा वाचक