‘यांपैकी कुणीही नाही’ला हरवून मिळालेली उमेदवारी

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेतल्या अध्यक्षीय प्रायमरींवरचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानावरचा, आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. त्यात एक वाक्य असे होते, की प्रायमरी जिंकणाऱ्याच्या पदरात त्या राज्याचे प्रतिनिधी पडतात आणि पुढचे अधिवेशन म्हणजे निव्वळ सोहळा. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांपुरते ते ढोबळमानाने बरोबर आहे. तिथे आणखीही पक्ष आहेत. त्यांतल्या लिबर्टेरियन पक्षाची रीत इतकी उलटी आहे की हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये मी लेकीकडे होते, नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेजवळ. लेक आता तिथली नागरिक आहे आणि मतदारयादीत तिच्या नावापुढे कुठलाच पक्ष नाही. अशा मतदाराला त्या राज्यात, प्रायमरीला कोणत्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची ते स्वतः ठरवता येते. आदल्या रात्री ती तिन्ही नमुना मतपत्रिका बघत बसली होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पत्रिकेवर अध्यक्षपदासाठी एकच नाव, बायडन, आणि खाली ‘पसंती नाही’. रिपब्लिकनांच्या पत्रिकेवर नावे बरीच, पण त्यांतले बहुतेक जण तोवर मैदान सोडून घरी गेलेले. तिसरी पत्रिका लिबर्टेरियन पक्षाची. तिच्यावर नावांची ही रांग, त्यातले एकही आम्ही कधी ऐकलेले नाही, आणि शेवटी पुन्हा ‘पसंती नाही’. निकाल लागला तेव्हा त्या पक्षात सगळ्या नावांना मागे टाकून ‘पसंती नाही’च पहिली आली होती!

मी निवृत्त शिक्षिका. नोकरीभर निवडणूक ड्युट्या केल्या, असा निकाल कधी पाहिला नाही. जावई म्हणाले, “आई, या मतांनी तसंही काही ठरत नाही.” मग ठरते कुठे, म्हणून शोधाला लागले. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

हा लिबर्टेरियन पक्ष १९७१ मध्ये कोलोरॅडोत निघाला. सरकार जितके कमी तितके बरे, हे त्यांचे सूत्र. कर नकोत, परदेशातली युद्धे नकोत. बंदुकीवर बंधन नको आणि गांजावरही नको. १९७२ मध्ये त्यांनी पहिल्यांदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. जनतेची मते नगण्य मिळाली. पण तिथे अध्यक्ष निवडण्याचे अखेरचे मत राज्याराज्यांतले निर्वाचक देतात; व्हर्जिनियातल्या अशा एका रिपब्लिकन निर्वाचकाने निक्सन यांना न देता आपले मत या पक्षाच्या अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या जोडीला दिले, आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन या निर्वाचक मंडळात मत मिळालेल्या अमेरिकेच्या पहिल्या महिला ठरल्या. पक्षाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी २०१६ ची. गॅरी जॉन्सन यांना तेव्हा जवळपास ४५ लाख मते पडली. टक्केवारीत सांगायचे तर तीनच्या थोडे वर. आपल्या हिशेबाने डिपॉझिट जप्त.

आता प्रायमरी. ज्या राज्यांत या पक्षाला मान्यता आहे, तिथल्या काही राज्यांत सरकारच त्यांची प्रायमरी मोठ्या पक्षांबरोबर उरकून देते, करदात्यांच्या पैशांनी. सरकारी खर्चाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या पक्षाची ही पंचाईत मला फार आवडली. इतर ठिकाणी पक्ष स्वतःच मते गोळा करतो. कुठे टपालाने, कुठे सभेत. २०२० मध्ये न्यू हॅम्पशायरातली अशी प्रायमरी व्हर्मिन सुप्रीम नावाच्या गृहस्थांनी जिंकली. हे गृहस्थ टोपीऐवजी डोक्यावर गमबूट उलटा घालून फिरतात आणि निवडून दिल्यास प्रत्येक अमेरिकनाला एक तट्टू देईन म्हणतात.

पण जावयांचे म्हणणे खरे होते. यांपैकी कुठल्याच निकालाने प्रतिनिधी बांधला जात नाही. राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी अधिवेशनात आपल्या मनाने मत देतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील तर तळाचा उमेदवार गळतो आणि पुन्हा मतदान. अशा कितीही फेऱ्या होऊ शकतात. २०२० मध्ये जेकब हॉर्नबर्गर यांनी सर्वांत जास्त प्रायमरी जिंकल्या होत्या. करोनामुळे मे महिन्यातले मतदान ऑनलाइन घ्यावे लागले आणि चौथ्या फेरीत उमेदवारी मिळाली जो जॉर्गेन्सन यांना. उपाध्यक्षपदासाठी वेगळे मतदान असते, अध्यक्षपदाच्या उमेदवाराने जोडीदार नेमायचा हा प्रकार नाही. त्यामुळे जॉर्गेन्सनबाईंच्या वाट्याला जोडीदार आले स्पाइक कोहेन, म्हणजे ज्यांना आधी त्या गमबूटवाल्यांनी आपला जोडीदार म्हणून पुढे केले होते ते! आपल्याकडच्या आघाड्यांनाही हे सुचले नसते.

आणि प्रत्येक फेरीत मतपत्रिकेवर ‘यांपैकी कुणीही नाही’ असतेच. आपला नोटाच म्हणा. फरक एवढाच, की तिथे नोटा खरोखर जिंकू शकतो. तसे झाले तर त्या वर्षी पक्षाने उमेदवारच द्यायचा नाही.

२०२४ चे अधिवेशन वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलात झाले. मी तोवर परत आले होते, पण सगळे वाचून काढले. तिथे शनिवारी रात्री चक्क डोनाल्ड ट्रम्प भाषणाला आले, तुम्ही मलाच उमेदवार करा म्हणाले. सभागृहाने हुर्यो उडवली, तेव्हा दर चार वर्षांनी तुमचे ते तीन टक्के घेत बसा, असे त्यांनी सुनावले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत त्यांचे नाव हाताने लिहिणारे सहा निघाले. तेव्हा अध्यक्षपदासाठी अपक्ष लढणाऱ्या रॉबर्ट केनेडी धाकटे यांचे नाव रीतसर सुचवले गेले होते. त्यांना १९ मते पडली आणि ते पहिल्याच फेरीत गळाले. मग दिवसभर फेऱ्यांवर फेऱ्या. इच्छुकांपैकी मायकेल रेक्टनवाल्ड बराच काळ पुढे होते, सहाव्या फेरीत चेस ऑलिव्हर यांनी त्यांना मागे टाकले. सातव्या फेरीत माणूस एकच उरला, ऑलिव्हर. आपल्याकडे इथेच ‘बिनविरोध’ म्हणून गुलाल उधळला असता. तिथे त्यांना नोटाशी लढावे लागले. ६० टक्क्यांच्या आसपास मते मिळवून ते जिंकले. दर तिघांतल्या एकाहून जास्त प्रतिनिधींनी मात्र, आपल्या पक्षाचा उमेदवारच नको, असे मत दिले होते.

मी लातूरची, म्हणून हे जास्त लागले. २०१९ च्या विधानसभेला आमच्या लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून अधिक मते पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. पलूस-कडेगावातही तेच घडले. त्या मतांचे झाले काय? काहीच नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने आलेला आपला नोटा पहिला आला तरी विजयी उमेदवार म्हणजे त्याच्या खालचा. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून स्थानिक स्वराज्य संस्थांपुरती त्यात दुरुस्ती केली. नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक, आणि तेव्हाही तोच पहिला आला तर मात्र त्याच्या खालच्याला विजय. विधानसभेला आणि लोकसभेला तेही नाही. शिवाय आपला नोटा येतो शेवटी, तिकीटवाटप संपल्यावर. ‘उमेदवार निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ या एका ओळीच्या ठरावावर किंवा शेवटच्या दिवशी तीनच्या ठोक्याआधी धावत आणलेल्या, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या एबी फॉर्मवर कार्यकर्त्याला नोटा दाबता येत नाही.

त्यांचे सगळे सोन्यासारखे आहे असे मात्र मी म्हणत नाही. स्वतःच्या खिशातून प्रवास आणि हॉटेल परवडते त्या काही शे लोकांनी प्रायमरीत मत देणाऱ्या हजारोंचा कौल बाजूला ठेवायचा, ही कसली लोकशाही? मला ते पटलेले नाही. ऑलिव्हर यांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. काही राज्यांतल्या त्यांच्याच पक्षशाखांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि नोव्हेंबरमध्ये देशभर मिळून साडेसहा लाखांच्या आसपास मते पडली, म्हणजे अर्धा टक्काही नाही. ट्रम्प यांनी सुनावलेल्या तीन टक्क्यांच्याही जवळपास ते गेले नाहीत.

तेव्हा लेखकाला विनंती, की पुढच्या भागात या छोट्या पक्षांना एखादा रकाना द्यावा. ग्रीन पक्षाच्या काही राज्यशाखा मतदारांकडून पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहून घेतात, आपल्या विधान परिषदेसारखी. मला त्याची मोजणी कशी चालते ते समजून घ्यायचे आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका, लातूर