सूचना : जादा बराकींना विरोध, रविवारी सह्या

सर्व सभासदांना नमस्कार,

तुरुंगात जादा बराकी (कैद्यांच्या खोल्या) बांधायला विरोध करणारं आपलं निवेदन तयार आहे. रविवारी सकाळी १० वाजता दसरा चौकात, शाहू स्मारक भवनाच्या आवारात सह्यांसाठी जमायचं आहे.

मागच्या बैठकीला आलेल्या मावशी आठवतात ना? मुलाला तुरुंगात भेटायला गेल्या तेव्हा पिशवीत त्याच्या मानसोपचाराच्या गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. 'आत डॉक्टर बघतील' म्हणून पट्टी दारातूनच परत आली. तीन आठवडे कुणीही बघितलं नाही, पोरगं भिंतीवर डोकं आपटून घेत होतं. अशा ठिकाणी आणखी खोल्या बांधून कुणाचा जीव वाचणार?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १०३ मध्ये कैद्यांच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर स्पष्ट टाकली आहे. आधी ती पाळा, एवढंच मागणं आहे. गर्दीचं म्हणाल तर २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातले ७५.८ टक्के कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९ खाली, म्हणजे संभाव्य शिक्षेचा ठरावीक भाग निकालाआधीच आत काढल्यामुळे, पात्र असलेल्यांना जामीन मिळाला तरी बराकी मोकळ्या होतील.

वकील सभासदांनी जामीन अर्जांचे नमुने आणावेत. मावशींना आणायला कुणीतरी गाडी घेऊन जा, त्यांचे गुडघे दुखतात.

— सचिव