ट्रामच्या इतिहासात सातारकर कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या ट्रामवरचा लेख आवडीने वाचला. तारखा चोख आहेत. ९ मे १८७४ ला कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ ला विजेची आली, १९२० मध्ये दुमजली धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. सगळे बरोबर. पण लेखभर फोर्टातले रस्ते, कंपनीचे साहेब आणि घोड्यांच्या पागा. ट्राममध्ये बसत कोण होते, हे शोधूनही सापडत नाही. सातारा जिल्ह्यात घरोघर वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात तरी ते यायला हवे होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोरेगाव, खटाव, माण, पाटण, जावळी, कुठल्याही गावात विचारा. घरटी नाही तरी भावकीत एखादा माणूस मुंबईला गिरणीत असायचाच. पुणे-मिरज लोहमार्ग तेव्हा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा होता. आमच्याकडची माणसे कोरेगावला नाहीतर रहिमतपूरला गाडी धरत, पुण्याला उतरून मोठ्या गाडीत बसत आणि दादरला उतरत. पुढे लालबाग-परळपर्यंत ट्राम. सोबत पत्र्याची ट्रंक, वळकटी, घेवड्याचे गाठोडे आणि खानावळवाल्या बाईसाठी घरची चटणी. गाव सुटल्यापासून चाळीतल्या खोलीपर्यंतच्या वाटेचा शेवटचा टप्पा ट्रामचा होता. तो आमच्याही इतिहासाचा भाग आहे, एकट्या मुंबईकरांचा नाही.

माझे वडील लालबागला राहत आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. रोजच्या पाळीला ते चालतच जात. ट्रामचे भाडे स्वस्त खरे, पण वाचलेला आणा-दोन आणे महिन्याच्या मनिऑर्डरीत जमा होई. ट्राममध्ये बसायचे ते गावाला निघताना, गावाहून येताना, नाहीतर सुट्टीच्या दिवशी नातलगाकडे जायचे असेल तर. स्वस्त वाहन म्हणून ट्रामचे कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवावे, की ते तिकीटसुद्धा रोज परवडत नव्हते अशी माणसे तिच्या रुळांच्या कडेने चालत कामावर जात होती.

ट्राम बंद व्हायच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी मला मुंबईला नेले होते. दादरला गाडी शेवटच्या थांब्यावर आली की वळत नसे. ड्रायव्हर आपला पितळी दांडा काढून घेई आणि सगळी गाडी चालत ओलांडून दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राही. तोवर कंडक्टर खाली उतरून छपरावरचा तारेला टेकलेला लांब खांब दोरीने ओढून उलट्या दिशेला फिरवी. तारेवर ठिणगी उडे. मग बाकांच्या पाठी एकेक करून खडाखड पलीकडे ढकलल्या जात, आणि जी मागची बाजू होती ती पुढची होई. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवी, गाडी हले. पाठी ढकलायचे काम वडिलांनी मला करू दिले होते.

ट्राम का गेली, हे लेखात थोडक्यात आले आहे आणि ते पटते. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे चढउतार करणाऱ्याला मोटारींमधून वाट काढावी लागे. एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडत, कारण बाजू काढून पुढे जायची सोय नाही. बस ते करू शकत होती. तरीही ज्या रस्त्यांवरून हजारो कामगार ये-जा करत होते, तिथले रूळ डांबराखाली गाडताना त्यांना कुणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

आता मुद्द्याचे. १९६४ मध्ये जो विशीत होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर यातले पुष्कळ जण कायमचे गावी आले. ट्रामवर कंडक्टर, ड्रायव्हर म्हणून किंवा रुळांच्या कामावर असलेली आपल्या जिल्ह्यातली माणसेही त्यांच्यात सापडतील. आपले वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना या म्हाताऱ्यांकडे पाठवा. कुठून बसायचे, कुठे उतरायचे, भाडे किती पडे, पाळी सुटल्यावर गर्दी कशी असे, हे सगळे त्यांच्याच शब्दांत छापा. जुनी तिकिटे, पास, मुंबईहून आलेली पत्रे मागवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, ही कळकळीची विनंती.

वडिलांच्या कागदांत ट्रामची काही तिकिटे आहेत, ती छायाचित्रासाठी द्यायला मी तयार आहे. आमच्या गावातल्या दोघा-तिघा जुन्या गिरणी कामगारांशीही बोलून ठेवले आहे. सकाळच्या वेळी कुणीही आले तरी चालेल, असे त्यांनी सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. कोरेगाव, जि. सातारा