डिस्चार्ज कार्डावर समुपदेशनाची ओळ हवी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी जिल्हा परिषद शाळेतला निवृत्त शिक्षक. कॅन्सरमुळे माझी प्रोस्टेट ग्रंथी काढली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे घर गहाण पडलं नाही, त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार.

घरी सोडताना कॅथेटर म्हणजे लघवीची नळी कशी सांभाळायची, पीएसए ही प्रोस्टेट कॅन्सरवर लक्ष ठेवणारी रक्ततपासणी पुन्हा कधी करायची, हे नीट समजावलं. पण काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, शरीरसंबंध कदाचित पूर्वीसारखे होणार नाहीत, हे कोणी बसून सांगितलं नाही. मग माणूस लग्नकार्य टाळतो, एसटीत बसायला घाबरतो, कपड्यांना वास येईल या धास्तीने नातवालाही जवळ घेत नाही. बायकोशी बोलायचं कुठल्या तोंडाने? तीही गप्प असते. तपासणीच्या रांगेतल्या इतरांशी बोललो, तर घरोघरी हेच.

आजार पसरलेल्यांचं याहून कठीण. या कॅन्सरला बळ देणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक रोखायला इंजेक्शनं देतात किंवा वृषण काढतात. शस्त्रक्रिया एकदाच होते, स्वस्त पडते, म्हणून गरिबाच्या वाट्याला बहुधा तीच. नंतर अंगातून वाफा निघतात, थकवा येतो, चिडचिड होते, उगाच रडू फुटतं. हा उपचारांचाच परिणाम आहे हे ठाऊक नसलेला माणूस स्वतःला दोष देत कुढतो. संमतीपत्रावर सही घेण्याआधी त्याच्याशी आणि त्याच्या पत्नीशी अर्धा तास कोणी बोलायला नको का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. फक्त कॅन्सरच्या रुग्णाला तिकडे कोणी पाठवत नाही. योजनेच्या पॅकेजमध्येच शस्त्रक्रियेआधी आणि नंतर समुपदेशन धरा, शक्यतो जोडप्याचं. डिस्चार्ज कार्डावर मराठीत १४४१६ छापा आणि फोन उचलणाऱ्यांना या आजाराची माहिती द्या. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकवा. गळती आटोक्यात आली की निम्मी लाज तिथेच सरते. ताठरतेसाठीही उपचार आहेत, तेही रुग्णाने न विचारता सांगा.

जिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांची मासिक बैठक सुरू करा. नव्याने निदान झालेल्यांशी बोलायला मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक